मंगळवार सोडून

गोवा एक्सप्रेसनं दिल्लीला गेलेल्या प्रत्येक गोंयकारानं डबरा हे गाव ओलांडलेलं असतं, फक्त ते त्याला ठाऊक नसतं. झाशी मागं पडलेली असते, ग्वाल्हेर यायचं असतं, डब्यातले दिवे मालवलेले असतात आणि मधल्या काळोखात डबरा येऊन जातं. आजचा लेख या डबऱ्यापासून सुरू करायचा आहे. विषय तसा साधाच. कोंबडीचं अंडं.

डबरा हा ग्वाल्हेर जिल्ह्यातला अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला विधानसभा मतदारसंघ. इथून निवडून आलेल्या इमरती देवी डिसेंबर २०१८ मध्ये कमलनाथ सरकारात महिला व बालविकास मंत्री झाल्या. २६ जानेवारी २०१९ ला ग्वाल्हेरच्या झेंडावंदनाला त्या मुख्यमंत्र्यांचं भाषण वाचायला उभ्या राहिल्या, अडखळल्या आणि उरलेलं भाषण त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना वाचायला दिलं. त्याची चित्रफीत देशभर फिरली, लोक पोटभर हसले. त्याच बाईंनी त्याच वर्षाच्या शेवटी सांगितलं की मध्य प्रदेशातल्या अंगणवाड्यांत मुलांना अंडी द्यायची. या वेळी मात्र कुणी हसलं नाही, लोक चिडले. विरोधी पक्षनेत्यांनी तर असंही म्हणून दाखवलं की लहानपणापासून असं खायला घातलं तर ही मुलं पुढे नरभक्षक होतील!

हा वाद काही नवा नव्हता. जून २०१५ मध्ये काही आदिवासी जिल्ह्यांतल्या अंगणवाड्यांत प्रयोग म्हणून अंडी द्यायचा प्रस्ताव होता. तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी तो फेटाळला. २०१९ मध्ये इमरती देवींनी विषय पुन्हा काढला, पण अंडं ताटात पडण्याआधी मार्च २०२० मध्ये सरकारच पडलं. इमरती देवी ज्योतिरादित्य शिंद्यांबरोबर भाजपमध्ये गेल्या आणि त्याच खात्याच्या पुन्हा मंत्री झाल्या. गंमत म्हणजे पक्ष बदलला तरी अंड्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये त्या पुन्हा अंड्याविषयी बोलल्या, आणि मुख्यमंत्र्यांनी, म्हणजे पुन्हा चौहानांनीच, जाहीर केलं की अंडं नाही, दूध देऊ. नोव्हेंबरात डबऱ्याच्या पोटनिवडणुकीत इमरती देवी हरल्या. अंड्याचा विषयही तिथंच मिटला.

राजकारण बाजूला ठेवूया. इमरती देवींचं बाकी काय बरोबर, काय चूक याच्याशी मला कर्तव्य नाही. मला त्यांच्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते. दोन वेगळ्या पक्षांच्या सरकारांत, दोन वेगळ्या मुख्यमंत्र्यांसमोर, त्या एकच वाक्य बोलत राहिल्या.

आता अंड्यातच एवढं काय आहे? राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्या कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलाला अंगणवाडीतून रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत असं ठरलं. यासाठी दर मुलामागं दर दिवशी आठ रुपये हा दर २०१७ मध्ये ठरवला गेला. आठ रुपयांत काय येतं ते घर चालवणाऱ्या कुणालाही विचारा. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं, म्हणजे दिवसाची जवळजवळ अर्धी गरज एका घासात. शिवाय अंड्याचे आणखी दोन गुण आहेत, ते पोषणाच्या तक्त्यात नसतात. एक म्हणजे दुधात पाणी घालता येतं, डाळीत तर घालतातच, अंड्यात घालता येत नाही. दुसरा म्हणजे अंडं मोजता येतं. मुलाला मिळालं की नाही हे आईला डोळ्यांनी दिसतं. ज्याँ द्रेज यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं अंड्याची बाजू घेतात ती उगाच नव्हे.

मोजता येणं किती महत्त्वाचं आहे हे मध्य प्रदेशातच कळलं. तिथं लहान मुलांसाठी आणि गरोदर-बाळंतिणींसाठी घरी न्यायचं कोरडं मिश्रण पाकिटांतून मिळतं. कधी लाडवाचं, कधी बर्फीचं, कधी खिचडीचं. २०२२ मध्ये महालेखापालांच्या तपासणीतून बाहेर आलं की हा आहार ज्या ट्रकांतून नेल्याचं कागदावर दाखवलं होतं, त्यांतल्या काहींचे नंबर मोटारसायकली आणि रिक्षांचे निघाले. मोटारसायकलवरून कित्येक टन पोषण गेलं! अंड्याचं असं करून दाखवा म्हणावं.

आणि हे कुठल्या राज्यात? २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातली पाच वर्षांखालची सुमारे ४२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी भरली. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ३६ टक्क्यांच्या आसपास आला. सुधारणा आहे, पण तिसऱ्या मुलामागं एक मूल अजूनही खुंटलेलंच. याच राज्यानं २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ कोंबडीसाठी भौगोलिक निर्देशांक मिळवला, त्यासाठी शेजारच्या छत्तीसगडशी भांडण केलं. कोंबडी राज्याची शान, आणि तिचं अंडं मात्र अंगणवाडीच्या उंबऱ्याबाहेर. असो.

डिसेंबर २०१९ मध्ये हा वाद ऐन रंगात असताना मी ग्वाल्हेरला होते. गेले होते तानसेन समारोहाला. हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी, महंमद घौसच्या मकबऱ्याशेजारी थंडीत कुडकुडत गाणं ऐकायचं ही कित्येक वर्षांची इच्छा होती. उतरले होते लष्करात, आईच्या मावसबहिणीकडे. मावशीच्या सासरची मंडळी पाच पिढ्यांपासून ग्वाल्हेरात. घरात मराठी बोलतात, पण ती मराठी अशी, "अगं, सब्जी घे ना अजून, तू तर काहीच खात नाहीस." पुरणपोळी आणि बेडई एकाच स्वयंपाकघरात होतात, आणि दोन्ही फक्कड.

मावशीकडे घरकामाला येणारी बाई सकाळी आठला यायची. तिची धाकटी पोर चार वर्षांची, वस्तीतल्या अंगणवाडीत जायची. मावशीच्या घरी रोज वर्तमानपत्रात अंड्यावरून काहीतरी छापून आलेलं असायचं, आणि काका ते मोठ्यानं वाचायचे. काका अंड्याच्या विरोधात, त्यांचा मुलगा बाजूनं. चहा होईपर्यंत दोघांचं वाजायचं. ज्या बाईच्या मुलीच्या ताटाविषयी हे चाललं होतं ती तिथंच मोरीत भांडी घासत असायची. दोन दिवस मला हे लक्षात आलं नाही म्हणण्यापेक्षा, लक्षात आलं पण मध्ये बोलावं असं नातं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी आम्ही दोघीच होतो तेव्हा मी तिला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं हो? द्यावं का अंडं मुलांना?"

ती हिंदीत बोलत होती, मी तिचं म्हणणं मराठीत सांगते. आधी तिला वाटलं मी सरकारकडून काही लिहून घ्यायला आलेय. मग भांडं खाली ठेवून ती म्हणाली, "दीदी, अंडं तर आम्ही खातोच. थंडीत गाडीवर उकडलेलं मिळतं. पगार झाला की आणते, एकाचे दोन तुकडे करून दोघींना देते. सरकार देईल तर चांगलंच आहे." आणि मग जरा थांबून, "फक्त मंगळवारी देऊ नका म्हणावं. मंगळवारी आमच्याकडे खात नाहीत. आणि नवरात्रात."

मी विचारलं, "ते पाकीट मिळतं ना, लाडवाचं वगैरे, ते मुलगी खाते का?" ती हसली. थोरली खायची, धाकटी तोंड लावत नाही. गोड फार, आणि रोज तीच चव. मग? मग काय, शेजारणीच्या बकरीला. पाकीट आणायला मात्र ती न चुकता जायची, कारण नाही नेलं तर नाव कापतील ही भीती. आणि हे पाकीट मिळायचं मंगळवारीच. तिथल्या अंगणवाड्यांत मंगळवार हा खास दिवस, 'मंगल दिवस'.

मला या उत्तराचं फार आश्चर्य वाटलं आणि नंतर आश्चर्य वाटल्याचंच आश्चर्य वाटलं. कारण 'मंगळवार सोडून' हे वाक्य आपल्या गोव्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात जसंच्या तसं ऐकू येईल. फक्त वार बदलेल. आपल्याकडे सोमवार शिवराक. कुणाचा गुरुवार, कुणाचा एकादशीचा दिवस, श्रावण आणि चतुर्थी सगळ्यांचीच. बाकीच्या दिवशी हुमणाशिवाय घास उतरत नाही. आजीचं शिवराक ताट वेगळं, नातवंडांना तळलेले बांगडे वेगळे, आणि चुली दोन नसल्या तरी भांडी दोन. यात कुणाचा धर्म बुडत नाही, कुणाचं मूल नरभक्षक होत नाही. कधी काय खावं आणि कधी खाऊ नये याचं एक बारीक वेळापत्रक प्रत्येक घरात असतं. आपण मध्यमवर्गीय माणसं त्याला आपली संस्कृती म्हणतो, त्यावर लेख लिहितो. वस्तीतल्या बाईकडेही असंच वेळापत्रक असेल हे मात्र आपल्या डोक्यात येत नाही. तिच्याकडे फक्त भूक असते अशी आपली समजूत. लष्करातल्या त्या घरात एक पक्ष म्हणत होता गरिबाला अंडं नको, दुसरा म्हणत होता हवं. तिचं उत्तर दोन्हीत बसत नव्हतं. तिचं उत्तर होतं, हवं, मंगळवार सोडून.

ग्वाल्हेरात हा खाण्याचा वाद ऐकताना मला दुसरीही एक गोष्ट आठवत होती. महादजी शिंद्यांचे बक्षी जिवबादादा केरकर आपल्या पेडण्याकडच्या केरीचे. त्यांच्यामागोमाग लखबादादा लाडांसारखी सारस्वत मंडळी शिंदेशाहीत मोठ्या पदांवर होती. लढाया मारणारी, दौलत सांभाळणारी ही माणसं. पण पंक्तीचा विषय निघाला की 'हे मासे खाणारे शेणवी' म्हणून नाकं मुरडणारेही होतेच. सारस्वतांच्या ब्राह्मण्यावरून, मासळीवरून झालेली ग्रामण्यं इतिहासात नोंदलेली आहेत. तेव्हा ताटातल्या मासळीवरून माणसाची पायरी ठरवली की कसं वाटतं, हे आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. फरक एवढाच की जिवबादादांच्या हाताखाली फौज होती. चार वर्षांच्या पोरीच्या हाताखाली काय असतं?

पण प्रश्न फक्त अंड्याचा नाही. सरकारकडून जे जे अन्न मिळतं त्या सगळ्याचाच आहे. आपल्याकडच्या रेशनच्या तांदळाचं घ्या. गोव्यात सामान्य माणसाचं पोट उकड्या तांदळावर. पेज उकड्याची, जेवणात शीत उकड्याचं. रेशनला येणार सुरय तांदूळ. सुरयाची पेज म्हणजे पेजेची थट्टा. माझी आजी रेशन घेऊन यायची, चांगला निवडून पोळ्यांना, सान्नांना वापरायची आणि उरलेला कोंबड्यांना घालायची. म्हणजे आमच्याकडे सरकारी धान्याचं शेवटी अंडंच व्हायचं, पण ते आजीच्या अकलेनं! ग्वाल्हेरकडे याच्या उलट. तो गव्हाचा मुलूख, तिथं भाकरी-पोळीशिवाय जेवण नाही. मे २०२२ मध्ये केंद्राकडे गव्हाची खरेदी कमी झाली तेव्हा मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि इतर काही राज्यांचा गहू कापून त्याजागी तांदूळ वाढवला गेला. वजन तेवढंच, कॅलरी तेवढ्याच, फायलीत सगळं जुळलेलं. आता रोज पोळी खाणाऱ्या घरानं जास्तीच्या तांदळाचं काय करायचं? काय करणार, विकायचा, आणि कमी पैशांत गेलेल्या तांदळाच्या बदल्यात जास्त पैशांचा गहू आणायचा. आणि मग आपणच म्हणायचं, बघा, रेशनचं धान्य बाजारात विकतात.

पुढे पोषणमूल्यं घातलेला तांदूळ आला. हेतू चांगला, लोह आणि जीवनसत्त्वं मिळावीत. पण साध्या तांदळात मिसळलेले ते वेगळे दिसणारे दाणे पाहून गावोगाव बायांनी ते निवडून टाकले. प्लास्टिकचा तांदूळ आला अशी हूल उठली. लोक अडाणी म्हणून हे झालं असं म्हणणं सोपं आहे. पण घरात येणाऱ्या तांदळाचा दाणा न् दाणा ओळखणाऱ्या बाईला वेगळा दाणा दिसणार नाही असं ज्यानं गृहीत धरलं, तो शहाणा का?

मग यावर उपाय काय? काहीजण म्हणतील, सरळ पैसे द्या हातात, ज्याला जे हवं ते खाईल. गंमत म्हणजे हा प्रयोगही त्याच राज्यात झाला आहे. ग्वाल्हेर, शिवपुरी, श्योपूर या पट्ट्यात सहरिया आदिवासी राहतात. त्यांच्यातलं कुपोषण वारंवार बातम्यांत येतं. डिसेंबर २०१७ पासून मध्य प्रदेश सरकारनं सहरिया, बैगा आणि भारिया कुटुंबांतल्या बाईच्या खात्यात दरमहा १००० रुपये आहारासाठी म्हणून जमा करायला सुरुवात केली. योजना सुरू केली ती चौहान सरकारनंच, ज्यांनी अंड्याला नकार दिला त्यांनीच. या पैशातून बाईनं भाजी आणावी, दूध आणावं की अंडी आणावीत हे कुणी विचारत नाही. म्हणजे सरकारला गरीब बाईवर विश्वास टाकता येतो तर! एका हातानं जे नाकारलं ते दुसऱ्या हातानं, न बोलता, तिच्यावर सोपवलं.

पण पैसे हाही पूर्ण उपाय नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. हजार रुपयांवर उधारीवाल्याचा डोळा असतो, नवऱ्याचाही असू शकतो. बँक दूर असते, बाजार त्याहून दूर. महागाई वाढते, रक्कम आपोआप वाढत नाही. आणि अंगणवाडीतल्या ताटाला एक वेगळंच मोल आहे. ते थेट मुलाच्या पुढ्यात येतं, सगळी मुलं एका रांगेत बसून खातात. शिजवलेलं अन्न शाळेत मिळावं असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २००१ मध्ये दिला, त्यामागं हीच जाण होती. तेव्हा ताट हवंच. वाद आहे तो ताटात काय, हे ठरवताना कुणाला विचारायचं याचा.

आणि हा वाद आपल्याच देशात आहे असंही नाही. अमेरिकेत गरीब कुटुंबांना किराण्यासाठी सरकारकडून कार्ड मिळतं. त्यावर कच्चं चिकन घेता येतं, दुकानात भाजलेलं गरम चिकन घेता येत नाही. दोन पाळ्यांत काम करून रात्री घरी जाणाऱ्या बाईनं पुन्हा चूल पेटवावीच असा तो नियम. मे २०२५ मध्ये नेब्रास्का राज्याला त्या कार्डावर सोडा आणि एनर्जी ड्रिंक घ्यायला बंदी करण्याची परवानगी मिळाली, मागोमाग इतर राज्यं आली. साखरेचं पाणी मुलांना वाईट हे खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण साखरेचं पाणी श्रीमंतांच्या मुलांनाही वाईटच असतं. त्यांच्या फ्रीजमध्ये कुणी डोकावत नाही, एवढंच.

माझ्या मते सरकारनं पोषणाचा विचार करूच नये असं नाही. करायलाच हवा. सरकारी पैशातून मुलांना वेफर्सची पाकिटं द्यावीत असं कुणी म्हणणार नाही. पण 'हे अन्न अंगाला लागेल का' हा एक प्रश्न, आणि 'हे अन्न मला पवित्र वाटतं का' हा दुसरा. पहिला प्रश्न डॉक्टरला विचारावा. दुसरा ज्याच्या ताटात पडणार त्याच्या घरी विचारावा. मध्य प्रदेशात दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिसऱ्याच माणसानं दिली.

अंडं न खाणाऱ्यांची भीतीही खोटी नाही. मावशीचे काका, म्हणजे तिचे यजमान, चिडून म्हणाले होते, "शाळेत आमच्या मुलाच्या ताटाला लागलं तर?" जैन घरातल्या, वैष्णव घरातल्या आईला ही काळजी वाटणं अगदी स्वाभाविक आहे. तिच्या मुलाला जबरदस्तीनं अंडं खायला घालणं हा अन्यायच. पण यावरचे उपाय इतरांनी केव्हाच शोधले आहेत. तामिळनाडूत वर्षानुवर्षं शाळेत अंडं मिळतं, न खाणाऱ्याला केळं. महाराष्ट्रात आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेत २०१६ पासून लहान मुलांना अंडी मिळू लागली, न खाणाऱ्यांना तिथंही केळी. छत्तीसगडमध्ये २०१९ साली कबीरपंथीयांनी विरोध केला तेव्हा सरकारनं सांगितलं, शाळेतल्या पालकांची बैठक घ्या. जिथं पालकांचं एकमत होणार नाही तिथं खाणाऱ्यांची अंडी घरपोच द्या. कर्नाटकात २०२१ च्या डिसेंबरात काही जिल्ह्यांत अंडी सुरू झाली, न खाणाऱ्यांना केळं. काही मठाधिपतींनी विरोध केला, तेव्हा एका शाळकरी मुलीनंच त्यांना सुनावलं की अंडी बंद केलीत तर आम्ही मठात येऊन खाऊ! आपल्या आजीच्या घरातली दोन भांड्यांची युक्ती, दुसरं काय.

अर्थात मिळालेलं टिकतंच असंही नाही. महाराष्ट्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. हवं तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. बंदी घातली नाही, पण पैसे दिले नाहीत. गरिबाच्या ताटापाशी दोन्हीचा अर्थ एकच होतो.

आता कुणी म्हणेल, ग्वाल्हेरचं ग्वाल्हेरला, आपल्या गोव्याला याचं काय? आपण तर खाऊन पिऊन सुखी. तर २०१५-१६ च्या पाहणीत गोव्यातली पाच वर्षांखालची सुमारे २० टक्के मुलं खुजी होती. २०१९-२१ मध्ये ती सुमारे २६ टक्के झाली. मध्य प्रदेशचा आकडा खाली आला आणि आपला वर गेला. उंचीच्या मानानं वजन कमी असलेली मुलं तर दोन्ही राज्यांत जवळपास सारखीच, १९ टक्क्यांच्या आसपास. काजू, मासळी आणि दरडोई उत्पन्नाच्या गप्पा मारणाऱ्या आपल्या राज्याला हे शोभत नाही. ही मुलं कुणाची, तर बरीचशी आपल्याच वाड्यावरची, काही आपल्या इमारती बांधायला आलेल्यांची. ज्यांच्या ताटात आज काय आहे ते आपण कधी विचारलेलं नाही.

आपल्याकडच्या शाळांत महिलांचे स्वयंसाहाय्य गट जेवण पुरवतात. भाजी-पाव, पुलाव वगैरे. रोज शंभर-दीडशे मुलांची भांडी घेऊन येणाऱ्या या बाया मुलांच्या ताटात काय उरतं ते रोज पाहतात. कुठली भाजी टाकतात, कुठली मागून घेतात, सोमवारी काय चालतं, शुक्रवारी काय, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक ठरवायच्या बैठकीत त्यांच्यातल्या दोघींना आणि दोन आयांना बसवायला किती खर्च येईल? चार खुर्च्या आणि चार कप चहा, फार तर.

तुमच्या गावच्या अंगणवाडीसमोरून तुम्ही रोज जात असाल. एखाद्या दिवशी आत डोकावून सेविकेला विचारा, आज काय शिजलंय आणि काय उरलंय. मुलांना न्यायला आलेल्या आईलाही विचारा, काय द्यायला हवं म्हणून. ती आधी तुम्हाला सरकारी माणूस समजेल. मग जे सांगेल ते बहुधा कुठल्याच पक्षाच्या बाजूचं नसेल, पण फार नेमकं असेल.